८२ टक्के आणि तुटका टेप: पहिल्या कामाला लागणारी पोरं शाळेतून काय घेऊन येतात?

मोटरवाला_दारव्हा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. दोन वर्षं नुसतं वाचतोय, आज पहिल्यांदा धागा काढतोय. शुद्धलेखनावर जाऊ नका.

दारव्ह्याला माझं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. २०२४ ला 'मागेल त्याला सौर कृषिपंप' योजना आली तेव्हापासून पंप बसवायची कामंही घेतो, म्हणजे मोठ्या ठेकेदाराच्या हाताखाली. ३ एचपी, ५ एचपी, साडेसात, जसा शेतकऱ्याचा सातबारा तसा पंप. कामाला पोरं लागतात. १८ पूर्ण झालेली, दहावी-बारावी केलेली घेतो.

मागच्या महिन्यात बोरी अरबकडं एका वावरात ५ एचपीचं काम होतं. नवा पोरगा सोबत दिला. बारावी झालेला, दहावीला ८२ टक्के. पॅनलच्या स्ट्रक्चरच्या पायांचे बोल्ट जिथं येतात तिथं, २४० सेंटिमीटरवर, खुणा करायच्या होत्या. आमचा टेप जुना, पुढची पत्ती तुटली आणि तिच्यासोबत पहिले १० सेंटिमीटर गेले. आमचा जुना माणूस तीन वर्षांपासून त्याच टेपनं मोजतो, दहा जास्त धरून. पोराला मी स्वतः सांगितलं, "टेप दहापासून सुरू होतो, ध्यानात ठेव." त्यानं मान हलवली.

त्यानं २४० वर खूण केली. म्हणजे जमिनीवर २३० च आले. गिट्टी-सिमेंट भरलं, बोल्ट बसवले, रात्रभर सुकलं. दुसऱ्या दिवशी स्ट्रक्चरचा पाय बोल्टवर ठेवतो तर बसेचना. घन मारून एक पाया फोडला. दोन पोती सिमेंट आणि एक दिवस गेला, वरून शेतकऱ्याचं बोलणं ऐकलं ते वेगळंच. पोराला रागावलो नाही असं लिहिणार होतो, पण खोटं कशाला, चांगलाच रागावलो.

संध्याकाळी चहा पिताना त्याला विचारलं, पन्नासातून दहा गेले किती? म्हणाला चाळीस. मग टेप समोर धरला, दहापासून पन्नासपर्यंत बोट ठेवलं, म्हटलं हे किती? म्हणाला पन्नास. मी त्याच्या तोंडाकडं पाहतच राहिलो.

दुसरा पोरगा याच्या उलट. दहावीत गणितात दोनदा उडाला. आई आठवडी बाजारात मिरची-लसूण विकते, हा लहानपणापासून पोत्यावर बसलेला. तोंडी हिशोब असा की माझा कॅल्क्युलेटर मागं पडतो. शेतकऱ्याशी बोलावं तर यानंच. पण काम झाल्यावर फॉर्म भरायचा असतो, पॅनलचे अनुक्रमांक, पंपाचा क्रमांक, फोटो, तारीख. तिथं तो गायब. पाणी प्यायला जातो तो येतच नाही.

माझा प्रश्न साधा आहे. दोघं एकाच शाळेत, एकाच वर्गात शिकले. एकाला जे येत नाही ते दुसऱ्याला येतं. दहा वर्षांत हे कोणाच्याच लक्षात कसं आलं नाही? शाळेत एकेका पोराकडं पाहून शिकवणं होतं का कुठं? की ते आम्हीच करायचं, सिमेंट वाया घालवून?

बोंडअळी

भाऊ, पयले नवा टेप घ्या ना बाप्पा. दीडशे रुपयाचा येते. दोन पोते सिमेट गेल्यावर टेपाची किंमत कयली तुमाले.

मोटरवाला_दारव्हा

घेतला. तुटका मात्र फेकला नाही. आता जो नवा पोरगा येतो त्याच्या हातात आधी तोच देतो.

खडूवाली

मी अनुदानित शाळेत नववी-दहावीला गणित शिकवते. यवतमाळ जिल्हाच, गाव सांगत नाही. भाऊ, तुमचं वाचून मला हसूही आलं आणि वाईटही वाटलं, कारण तो पोरगा माझा नसला तरी माझ्यासारखीच्याच हातून गेलेला आहे.

तुमचा अनुभव एकट्या बोरी अरबचा नाही. 'असर' म्हणजे मुलांना काय येतं ते पाहणारी देशभरातली पाहणी. तिचा २०२३ चा अहवाल ग्रामीण भागातल्या १४ ते १८ वयाच्या मुलांवर होता. त्यात पट्टीवर वस्तू ठेवून लांबी विचारली होती. वस्तू शून्यापासून ठेवली तेव्हा सुमारे ८५ टक्के मुलांनी बरोबर सांगितलं. तीच वस्तू शून्यापासून सरकवून ठेवली, तर बरोबर सांगणारे ३९ टक्क्यांवर आले. तुमचा तुटका टेपच तो! आम्ही मोजायला शिकवतच नाही, टोकाचा आकडा वाचायला शिकवतो. भूमितीच्या वहीत रेषा नेहमी शून्यापासूनच काढलेली असते.

आता एकेकाकडं पाहण्याचं. माझ्या वर्गात ४१ मुलं. चार वर्षांपूर्वी मला जोर चढला आणि मी प्रत्येकाला वेगळी कार्यपत्रिका द्यायला लागले. दिवाळीपर्यंत टिकले. रात्री अकरापर्यंत कागद, वर ऑनलाइन माहिती भरणं, वर निवडणुकीचं काम. सोडून दिलं.

मग एक दोनशे पानी वही केली. प्रत्येक मुलाला चार पानं. त्यात मार्क लिहीत नाही. आज याचं कुठं अडलं एवढंच लिहिते. आठवड्याला सहा-सात मुलांकडंच नीट पाहते, बाकीच्यांची पाळी पुढं. असं केलं की दीड महिन्यात सगळा वर्ग एकदा डोळ्याखालून जातो. जगावेगळं काही नाही, पण यातून जे दिसतं ते चाचणीत दिसत नाही.

एक सांगते. एका मुलाला भागाकार येत नव्हता. फळ्यावर बोलावलं की घाम फुटायचा. आमच्याकडं सहावी ते आठवीला खिचडी शिजते, दर मुलामागं १५० ग्रॅम तांदूळ. मुख्याध्यापकांना विचारून मी त्याला रोज तांदूळ मोजायला उभं केलं. नोंद शिक्षकच करायचे, पण हिशोब आधी त्यानं सांगायचा. पट ११२, म्हणजे १६ किलो ८०० ग्रॅम. तिसऱ्या दिवशी मी विचारलं, ५० किलोचं पोतं किती दिवस पुरेल? तो म्हणाला, "तीन दिवसाले ४०० ग्रॅम कमी पडते बाई. पण कोनी ना कोनी घरी राह्यतेच, म्हनून पुरते." मी वर्गात येऊन कागदावर करून पाहिलं. बरोबर ४०० ग्रॅम.

तरी वार्षिक परीक्षेत भागाकाराच्या प्रश्नाला त्याचे अर्धेच मार्क. हे सांगितलं नाही तर गोष्ट जास्तच गोड होईल.

हिंजवडीकर_वऱ्हाडी

मूळचा दिग्रसचा, आता पुण्यात. ताई, तुमची वही ग्रेट आहे, पण हे काम सॉफ्टवेअर सहज करतं. मूल प्रश्न सोडवतं, कुठं चुकलं ते प्रणाली पाहते, पुढचा प्रश्न त्याप्रमाणं येतो. प्रत्येकाचा वेग वेगळा. १९८४ मध्ये अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ बेंजामिन ब्लूम यांनी मांडलं होतं की एकास एक शिकवणी मिळालेला सरासरी विद्यार्थी नेहमीच्या वर्गातल्या बहुतेकांच्या पुढं जातो. प्रत्येकाला स्वतंत्र शिक्षक परवडत नाही, म्हणून तर तंत्रज्ञान. शाळेत टॅब असतील तर मी बघतो काय करता येईल ते.

खडूवाली

टॅब आहेत. कपाटात. चार्ज करायला दुपारी लाइन राहत नाही.

चिडवत नाही हो, मीही मोबाइलवर व्हिडिओ दाखवतेच, दीक्षा ॲप वापरते. सरावासाठी सॉफ्टवेअर चांगलं, चूक झाली तर मुलाला चारचौघांत लाज वाटत नाही हा त्याचा मोठा गुण. पण पडद्यावरची पट्टीसुद्धा शून्यापासूनच सुरू होते ना.

बोंडअळी

हाहाहा. टॅबले बी दहावर तोडा मंग.

तिसरी_पाळी

बुटीबोरी एमआयडीसीत आहे, मूळ गाव हिंगणा तालुक्यात. आत्ता पाळी संपवून लिहितोय, चुका असतील.

मी शाळेत नववी-दहावीला मल्टिस्किल हा व्यवसाय विषय घेतला होता. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: राष्ट्रीय कौशल्य पात्रता आराखडा २०१३ चा, त्याप्रमाणं शाळांत नववीपासून असे विषय आहेत. ऑटोमोबाइल, ब्युटी, रिटेल, शेती वगैरे. शेतीच्या एका अभ्यासक्रमाचं नाव सोलॅनेशियस क्रॉप कल्टिव्हेटर. म्हणजे टमाटे, वांगी, मिरची. भिवापूरकडं शोभलं असतं, आमच्या शेजारच्या शाळेत सगळी पोरं कपाशी-सोयाबीनवाल्यांची.

आमचे मल्टिस्किलचे सर ठेकेदार संस्थेमार्फत होते. मानधन महिनोन्‌महिने यायचं नाही. दहावीच्या मध्येच सोडून गेले. वेल्डिंग आम्ही एकूण दोनदा केलं, मग रॉड संपले ते संपलेच. परीक्षेत मात्र सगळे पास.

तरी त्या विषयाचा एक उपयोग झाला. सर रोज शेवटची दहा मिनिटं लिहायला लावायचे. आज काय केलं, काय बिघडलं, उद्या येणाऱ्याला काय सांगायचं. पाच ओळी. मला लिहायचा कंटाळा, म्हणून माझी वही ते सगळ्यांत आधी तपासायचे. "तुझा हात चांगला आहे, पण तू केलेलं दुसऱ्याला कळत नाही," असं म्हणायचे. कारखान्यात पहिल्याच आठवड्यात पाळी बदलताना रजिस्टर पुढं आलं. मशीन कुठं थांबलं, का थांबलं, पुढच्या पाळीनं काय बघायचं. आयटीआय केलेली दोन पोरं माझ्यासोबत लागली होती, जोडारी म्हणजे फिटर ट्रेडवाली, हाताला माझ्याहून कितीतरी चांगली. रजिस्टर आलं की "तूच लिही" म्हणायची. सहा महिन्यांनी लाइनवर कोणाला ठेवलं ते सांगत नाही, मोठेपणा वाटेल.

शिकाऊ उमेदवारीबद्दल इथं बरेच जण विचारतात म्हणून: २०१९ च्या नियमांत किमान विद्यावेतन शिक्षणाप्रमाणं महिन्याला ५,००० ते ९,००० होतं. खोली आणि डबा यातच अर्ध्याहून जास्त जातं हे धरून चला.

काटेबाभूळ

या सगळ्या कौतुकाला माझा आक्षेप आहे.

'मुलाचा कल पाहून शिकवा.' ऐकायला छान. कल पाहणारा कोण? मी नववीत असताना एका गुरुजींनी माझ्याकडं पाहून, म्हणजे माझ्याकडं, माझ्या आडनावाकडं आणि माझ्या बापाच्या चपलेकडं पाहून निर्णय दिला, "तुला गणित झेपणार नाही, संधाता ट्रेड घे, लवकर कामाला लागशील." वेल्डर म्हणजे संधाता. वेल्डिंग वाईट नाही. पण त्याच वर्गातल्या दुसऱ्या एका मुलाचं गणित माझ्याइतकंच कच्चं होतं, त्याला मात्र अमरावतीला शिकवणी लावायचा सल्ला मिळाला. मी आज कनिष्ठ महाविद्यालयात गणित शिकवतो.

तुम्ही गावात टेप, तांदूळ आणि रजिस्टर शिकवणार. शहरात त्याच वयाची पोरं जेईई-नीटच्या वर्गात. आणि याला नाव 'प्रत्येकाला त्याच्या गरजेप्रमाणे'. गरज कोणी ठरवली? दुकानदाराला हेल्पर हवा ही दुकानदाराची गरज आहे, पोराची नाही. धागाकर्त्यांनी राग मानू नये.

मोटरवाला_दारव्हा

राग नाही. खरंच हेल्परच हवा आहे मला, लपवत नाही. पण सर, टेप वाचता न येणारा पोरगा हेल्परच काय, इंजिनिअर झाला तरी पाया चुकवेलच ना? तेव्हा पाया मोठा असेल एवढंच.

सेलूकर

हा वाद आमच्या वर्ध्यात ८० वर्षांहून जुना आहे, म्हणून म्हाताऱ्यानं दोन शब्द बोलावेत म्हणतो.

ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद झाली. झाकिर हुसेन यांची समिती नेमली गेली. सात वर्षं मोफत आणि सक्तीचं शिक्षण, मातृभाषेतून, मध्यभागी एखादा हातउद्योग. तीच नई तालीम. सेवाग्रामला आर्यनायकम पतीपत्नींनी ती चालवली. आज तिथं आनंद निकेतन शाळा आहे, कधी गेलात तर पोरांची शेती पाहून या. तेव्हाही लोक म्हणालेच होते की गरिबांच्या पोरांना कारागीर करायचा हा डाव आहे. पण मूळ कल्पनेत सूत कातणारा तयार करायचा नव्हता. कापूस कुठून येतो, तो स्वस्त का जातो, सुताचं वजन किती, तार किती लांब, हे सगळं सूत कातायच्या टकळीच्या निमित्तानं शिकायचं होतं.

आता माझ्या लहानपणीच्या शाळेत त्याचं काय झालं ते ऐका. आठवड्यातून दोनदा टकळीचा तास. गुरुजी महिन्याच्या शेवटी सूत तराजूत टाकत आणि वजनावर मार्क देत. मी सूत थोडं ओलं करून नेत असे. वर्गात पहिला आलो.

पुढं पाबळच्या विज्ञान आश्रमाचं काम पाहिलं तेव्हा फरक कळला. डॉ. कलबाग यांनी १९८३ ला पुणे जिल्ह्यात ते सुरू केलं. आठवी ते दहावीच्या मुलांना आठवड्यातला एक दिवस कार्यशाळा, शेती-पशुपालन, ऊर्जा-पर्यावरण, घर आणि आरोग्य. सगळ्यांनी सगळं करायचं, तू सुतार आणि तू शेतकरी अशी वाटणी नाही. आणि केलेलं काम गावाच्या उपयोगी पडलं पाहिजे. ओलं सूत तिथं चालत नसे, कारण त्याचं काहीतरी खरंच विणायचं असे.

बोंडअळी

काका, म्हंजे कापसात ओलावा तवापासूनच हाय! सीसीआयवाले, म्हंजे सरकारी कापूस खरेदीवाले, उगाच आमाले ओलाव्याचं मीटर लावून राह्यले. आठ टक्क्याच्या वर गेला का भाव कापते, बाराच्या वर गेला का घरी धाडते.

पण खरं सांगू का, मीटर कसा वाचाचा हे माया पोराले शायेत कोनी दाखोलं नाई. तो दहावीत हाय. फवारनीचं बी तसंच. डब्ब्यावर लिवते हेक्टरी ५०० मिली, पाचशे लिटर पान्यात. आता पंधरा लिटरच्या पंपाले किती? पोराले इचारलं. त्यानं मोबाइल काहाडला. मी म्हटलं मोबाइल ठेव, लिटरले एक मिली, पंपाले पंधरा, एवढं बी नाई येत? तर म्हने, "हे गुणोत्तर-प्रमाण हाय का? मंग येते ना." येते म्हने! मले वाटे हे वेगयं हाय अन ते वेगयं हाय.

२०१७ साली आमच्या यवतमाय जिल्ह्यात फवारनीच्या विषबाधेनं २० च्या वर मानसं गेली. सगयी काही मापाच्या चुकीनं नाई गेली, औषध मिसयनं, तोंडाले काही न बांधनं, उंच पराटी, लय कारनं होती. पन तवापासून मी पोराले पंपाजवय येऊ देत नाई, हिशोब मात्र त्यालेच करा लावतो.

संपादक

धागा छान चाललाय. कापसाच्या भावासाठी वेगळा धागा आहे, कृपया तिकडं वळू नका.

बोंडअळी

तिकडं गेलो तं रडू येते साहेब.

पऱ्हाटी

मी मुलीच्या बाजूनं लिहिते. हिंगणघाटला दुचाकीच्या शोरूममध्ये बिलिंगला आहे, बारावीनंतर लागले. गाव १९ किलोमीटर.

मला टेपही यायचा आणि हिशोबही. माझं अडलं फोनवर. पहिल्या दिवशी फोन वाजला आणि मी उचललाच नाही. समोरचा काय भाषेत बोलेल, हिंदीत बोलला तर, मी 'हो'ऐवजी आपलं "हाव" म्हटलं आणि तो हसला तर? मॅनेजरनं दोन दिवस पाहिलं आणि तिसऱ्या दिवशी सांगितलं, उचलणार नसशील तर उद्यापासून येऊ नको.

मला वाचवलं ते नववीतल्या एका मॅडमनी, हे तेव्हा मला आठवलं. मी वर्गात तोंड उघडत नाही म्हणून त्यांनी मला भाषण करायला नाही लावलं. गैरहजर मुलींच्या घरी फोन करायचं काम दिलं, ऑफिसातल्या फोनवरून, मॅडम शेजारी बसायच्या. पहिल्या फोनला एका बाबांनी "कोन बोलते?" विचारलं आणि मी फोन ठेवून दिला होता. दहा-बारा फोननंतर जमायला लागलं. मग दहावीचं वर्ष आलं आणि ते बंद झालं, "आता अभ्यास करा." शोरूममध्ये चौथ्या दिवशी मी तेच आठवून फोन उचलला. "हाव" पण म्हटलं. कोणी हसलं नाही, गिऱ्हाईक तळेगावचं होतं.

दुसरी गोष्ट कोणी सांगत नाही. बारावीपर्यंत मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत एसटीचा पास फुकट असतो. बारावी झाली की तो संपतो. आता अर्धं तिकीट लागतं, ते २०२३ पासून सगळ्या बायांना आहे म्हणून निभतं. पण शेवटची गाडी साडेसहाची. शोरूम सातला बंद होतं. ही वेळ मागून घ्यायची असते, कामाला लागण्याआधी बोलायची असते, हे मला कोणी शिकवलं नव्हतं. दोन महिने रोज अर्धा तास आधी पळत होते आणि रोज बोलणी खात होते. एकदा हिंमत करून विचारलं, अर्धा तास सकाळी लवकर येऊ का? हो म्हणाले. एका मिनिटात.

खडूवाली

पऱ्हाटी, तुझ्या मॅडमना माझा नमस्कार सांग. फोनची कल्पना उचलतेय.

काटेबाभूळ सर, तुमचा प्रतिसाद वाचून काल रात्री वही काढून पाहिली. एका मुलापुढं माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं, "याला दुकान चांगलं जमेल." ऑगस्टमधली नोंद. तो मुलगा कोणाचा, काय आडनावाचा, ते तुम्ही ओळखलंच असेल. खोडलं. आता नियम केलाय, आज काय आलं नाही तेवढंच लिहायचं, पुढं काय होईल ते लिहायचं नाही. आणि ज्याला तांदूळ मोजायला उभा करते त्याचं बीजगणित एका तासानंही कमी करायचं नाही. हे लिहायला सोपं आहे, मार्चमध्ये निकालाचा धाक आला की काय होतं ते मला माहीत आहे.

नवीन शैक्षणिक धोरण २०२० चं. २०२५ पर्यंत निम्म्या विद्यार्थ्यांना तरी व्यवसाय शिक्षणाची ओळख व्हावी असं त्यात लिहिलं होतं. 'असर'च्या त्याच पाहणीत १४ ते १८ वयातली ५.६ टक्के मुलं असं काही प्रशिक्षण घेताना सापडली. बोलण्यासारखं बरंच आहे, पण तास सुरू होतोय.

काटेबाभूळ

खोडलंत हे आवडलं. माझा मुद्दा तेवढाच होता.

मोटरवाला_दारव्हा

बाई, एक विचार आला. तुमची नववीची आठ-दहा पोरं शनिवारी माझ्या साइटवर पाठवता का? पैसे देईन.

काटेबाभूळ

थांबा. पैसे देऊन काम करवून घेणार असाल तर ते १४ ते १८ मधले किशोर झाले. २०१६ च्या दुरुस्तीपासून धोक्याच्या कामाला त्यांना लावता येत नाही, आणि चालतं त्या कामालाही तास, विश्रांती, संध्याकाळी ७ ते सकाळी ८ बंदी, साप्ताहिक सुट्टी असे नियम आहेत. विजेजवळ तर नेऊच नका. शाळेची भेट म्हणून करा, शिक्षक सोबत, बघणं आणि मोजणं एवढंच.

मोटरवाला_दारव्हा

बरं झालं सांगितलं. मग मीच शाळेत येतो. एक स्ट्रक्चरचा पाय, प्लेट, चार बोल्ट. सिमेंट आणत नाही, रेतीतच उभं करू, चुकलं तर घन लागणार नाही. विजेचं काहीच आणत नाही.

खडूवाली

या. सकाळची शाळा आहे, ११ च्या आत आटपावं लागेल, सात मुली साडेअकराच्या गाडीनं जातात. आणि तुटका टेप विसरू नका.

बोंडअळी

अन नवा घरीच ठेवा.

खडूवाली (नऊ दिवसांनी)

भाऊ पोस्ट टाकत नाहीत म्हणून मीच लिहिते.

दहा मुलं होती. टेप दहापासून सुरू होतो हे भाऊंनी मुद्दाम सांगितलं नाही. सहा जणांनी सरळ टोकाचा आकडा वाचला. दोन मुलींनी टेप हातात घेताच उलटसुलट पाहिला आणि "याचं तोंड कुठं आहे?" विचारलं. ८२ टक्केवाला पोरगाही सोबत आला होता. तो समजावायला लागला, इतका वेळ समजावत होता की मुलं बोल्टाशी खेळायला लागली.

तांदूळवाल्यानं टेप पाहिला, काही विचारलं नाही, खूण बरोबर २५० वर केली. मी विचारलं कसं कळलं. म्हणाला, "तांदूय घमेल्यातच मोजतो ना बाई. घमेल्याचं वजन सोडूनच देतो. हे दहा म्हंजे घमेलं."

मी गेली १४ वर्षं गणित शिकवते. हे उदाहरण मला सुचलं नव्हतं.

मग भाऊंनी त्याला फॉर्म दिला, खऱ्यासारखा. प्लेटवरचा १२ अंकी क्रमांक उतरवायचा. त्यानं ११ अंक लिहिले. पुन्हा लिहायला सांगितलं, पुन्हा ११. मधले दोन शून्य त्याला एकच दिसतात. वहीत लिहून ठेवलंय. या आठवड्यात त्याची पाळी नव्हती, तरी घेतेय.

मोटरवाला_दारव्हा

पोस्ट टाकत नाही कारण आर्णीकडं साइटवर होतो, नेटवर्क नाही.

बाई, दोन शून्य एक दिसतात ते माझ्या मिरचीवाल्या पोराचंही तसंच निघालं. मी इतके दिवस त्याला कामचोर समजत होतो. काल त्याला म्हटलं, चार-चार अंकांचे तुकडे पाडून मोठ्यानं वाच, मी लिहितो, मग उलट करू. सहा पॅनलचे क्रमांक झाले. एक चुकला. पाणी प्यायला गेला नाही.